घरोघरच्या चुली, एक पंगत

विद्यालयाच्या स्मरणिकेसाठी माजी विद्यार्थ्यांनी आठवणी लिहून द्याव्यात, असा निरोप आला, तेव्हा एकाच खोलीत राहिलेल्या आम्ही अकरा जणांनी मिळून एकच लेख द्यावा, असे ठरले. गुरुजनांविषयी, निकालांविषयी, मैदानावरील पराक्रमांविषयी लिहिणारे पुष्कळ आहेत आणि ते आमच्याहून चांगले लिहितील. आम्ही बोलायला बसलो की बोलणे फिरून फिरून जेवणावर येई. तेही वसतिगृहातील जेवणावर नव्हे. वसतिगृहात बसून ज्याची आठवण येई, त्या घरच्या जेवणावर. साठी ओलांडलेल्या माणसांनी पिठल्या-भाकरीवर लेख लिहावा, हे कोणाला पोरकट वाटेल. पण महाड-पोलादपूरच्या मातीत अन्नपाण्याचा विषय कधीच पोरकट नव्हता.

आधी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. वसतिगृहात आम्ही उपाशी राहिलो नाही. सकाळी भात आणि आमटी, सायंकाळी भाकरी आणि एखादी भाजी, सणावाराला गोड, असा क्रम असे. आमच्यापैकी कित्येकांनी दोन्ही वेळचे पोटभर जेवण सलग वर्षभर पहिल्यांदा तेथेच घेतले. घरी आषाढ-श्रावणात कणग्या रिकाम्या होत आणि रानातल्या टाकळ्यावर, कुर्डूवर, भारंगीवर दिवस निघत. तरीही पहिल्या वर्षी रात्री दिवा मालवल्यावर कोणी ना कोणी अंधारात हळूच विचारी, “आज तुमच्याकडे काय केलं असेल रे?” मग अकरा घरांच्या चुली एकामागून एक पेटत. पोट भरलेले असताना ही भूक कसली होती, याचा उलगडा व्हायला आम्हांला पुष्कळ वर्षे लागली.

आमची गावे कोकणातली. पण समुद्र आमच्या वाट्याला नव्हता. त्या वेळी जिल्ह्याचे नाव कुलाबा होते. १९८१ मध्ये ते रायगड झाले. सावित्री महाबळेश्वरला उगम पावते, पोलादपूरवरून महाडला येते, येथे गांधारी तिला मिळते आणि पुढे बाणकोटच्या खाडीवाटे ती समुद्राला जाते. या वाटेवर वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तरीही उन्हाळ्यात डोंगरातल्या वाड्यांवर पाण्यासाठी मैलभर चालावे लागते. खाली नदीकाठी भात. वर उतारावरच्या वरकस जमिनीत नाचणी, वरी, कारळे. भात कापून झाला की जमिनीत उरलेल्या ओलाव्यावर आणि पहाटेच्या दवावर वाल, पावटा, कुळीथ. आमच्या घरांत काय शिजणार, हे असे जमिनीने आणि पावसाने ठरवून टाकलेले असे. फरक होता तो हातांचा आणि घराण्यांचा. तोच वाल, तोच तांदूळ, तीच आमसुले. पण अकरा घरांत त्यांची अकरा रूपे.

पोलादपूरच्या वरच्या अंगाला, आंबेनळी घाटाच्या बाजूला ज्यांची घरे होती, त्या दोघांना नाचणीच्या भाकरीवाचून जेवल्यासारखे वाटत नसे. वसतिगृहात रेशनच्या तांदळाची भाकरी होई. ती पांढरी, दिसायला देखणी. पण हे दोघे म्हणत, ही खाल्ली तरी दोन तासांत पोट हाक मारते. पुढे आम्ही कुठेतरी वाचले की, १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते आणि तेवढ्याच तांदळात जेमतेम दहा. त्यांच्या आज्यांना हे आकडे ठाऊक नव्हते. डोंगर चढणाऱ्या माणसाला कोणती भाकर टिकते, एवढे ठाऊक होते. त्यांपैकी एकाचे घर गवळी-धनगरांच्या वाडीवर होते. त्याच्याकडे रात्री नाचणीचे पीठ ताकात भिजवून ठेवीत आणि सकाळी त्याची आंबील शिजवीत. वरून आणखी ताक, मीठ, एखादी लसणीची पाकळी. सुट्टीवरून येताना तो तुपाची लहानशी बरणी आणी आणि पहिल्याच पंगतीत ती संपे. पंगतीचा नियम तसाच होता.

कुळथाचे पिठले हे मात्र बहुतेकांचे समान धन होते. कुळीथ भाजायचे, जात्यावर भरडून साले पाखडायची, मग बारीक दळायचे. ही पिठी डब्यात असली की पावसाळ्यात घरात भाजी नाही, ही चिंता नसे. लसणाची फोडणी, मिरची, दोन आमसुले आणि उकळत्या पाण्यात सोडलेली पिठी. एका घरी ते भातावर ओतता येईल असे पातळ होई, दुसऱ्या घरी भाकरीने उचलावे असे घट्ट. कोणते खरे, यावर आमच्या खोलीत झालेले वाद अजून मिटलेले नाहीत.

सुकटीचे तसे नव्हते. सुकट म्हणजे पावसाळ्याची बेगमी. वैशाखात किनाऱ्याकडून सुकट, बोंबील, जवळा बाजारात येई. घरातली बाई पायली-अर्धी पायली पारखून घेई, उन्हात पुन्हा खडखडीत वाळवी आणि मडक्यात भरून मडक्याचे तोंड फडक्याने घट्ट बांधून टाकी. बाहेर मुसळधार कोसळत असताना चुलीवरच्या तव्यात सुकट कोरडी भाजली जाई, तिच्यावर चिरलेला कांदा, तिखट, चमचाभर तेल. तो वास ओल्या घरात भरला की घर कोरडे झाल्यासारखे वाटे. आमच्यातील पाच जण बौद्ध कुटुंबांतले आणि तिघे कुणबी-मराठा घरांतले. पण सुकटीच्या बाबतीत आठही जणांचे एकमत होते. आया सुकटीची चटणी पळसाच्या पानात, मग कागदात, मग फडक्यात बांधून देत. एस.टी.त मात्र तिचा वास कोणतेही फडके मानीत नसे.

आमच्या मराठीच्या गुरुजींचे घर महाड शहरात होते, चांद्रसेनीय कायस्थ प्रभू कुटुंबातले. त्यांच्याकडे आम्हांला वालाचे बिरडे मिळाले. कडवे वाल रात्रभर भिजवायचे, मग फडक्यात बांधून मोड आणायचे, पुन्हा कोमट पाण्यात घालून एकेक दाणा सोलायचा, आणि मग नारळाच्या रसात, गुळा-आमसुलाच्या आंबटगोडात शिजवायचे. दोन दिवसांचे काम आणि दोन मिनिटांचे जेवण. आमच्याही घरी वाल होत. पण सोलण्याइतकी सवड शेतावर जाणाऱ्या आयांना नसे, म्हणून ते सालासकट शिजत. गुरुजींच्या पत्नी आम्हांला ओसरीवर बसवून वाल सोलायला लावीत आणि सोलता सोलता पाढे म्हणून घेत. त्यांच्या स्वयंपाकघराचे दार आमच्यासाठी उघडे होते. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी त्याच शहरात असे दार किती घरांत उघडे असते, हा विचार तेव्हा आमच्या मनात आला नाही, आता येतो.

दासगावच्या बाजूने येणारा आमचा अकरावा सोबती कोकणी मुसलमान कुटुंबातला. तो नावापुरता बाहेरचा विद्यार्थी; पण पावसात खाडीकाठचा रस्ता बंद झाला की महिनाभर आमच्याच खोलीत मुक्काम. एकदा त्याने सांगितले, “ईदला आमच्याकडं सांदण होतं.” आम्हांला नवल वाटले, कारण सांदण आमच्याकडेही होई, पण ते जेठात, फणसाचे. बरक्या फणसाच्या गऱ्यांचा रस, तांदळाचा रवा, गूळ एकत्र करून वाफवलेले, पिवळेजर्द. ईदनंतर त्याने डबा आणला, तर त्यात निघाले पांढरेशुभ्र, वाटीच्या आकाराचे, जाळीदार. तांदूळ आणि नारळाचे दूध, पूर्वी ताडीने आणि आता खमिराने फुगवून वाफवलेले. एकच नाव, एकच तांदूळ, एकच वाफ आणि दोन वेगळे पदार्थ. आम्ही दोन्ही खाल्ले. कोणते खरे, हा वाद येथे कोणी काढला नाही.

हे सारे आठवताना मन सुखावते, आणि स्मरणिकेतील लेख येथेच संपवला तरी चालले असते. परंतु “घरचे” या शब्दाचा जो अर्थ आमच्यापैकी काहींच्या आजी-आजोबांना ठाऊक होता, तो सांगितल्याशिवाय आमची ती रात्रीची भूक वाचकांना समजणार नाही.

आमच्या आज्यांच्या बालपणी गावकीची कामे करणाऱ्या घरांत संध्याकाळची भाकर पुष्कळदा दारोदार फिरून आणलेली असे. घराघरांतील उरलेसुरले एका टोपलीत पडे. त्या टोपलीत ज्वारी-नाचणी-तांदूळ सगळेच असे. फक्त त्यातले काहीही घरचे नसे. १९२३ मध्ये सीतारामपंत बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने मंजूर केला आणि १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले असल्याचे ठरवले; पण प्रत्यक्षात ओंजळ त्या पाण्यापर्यंत पोहोचली नाही. १९ आणि २० मार्च १९२७ रोजी कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद महाडात भरली, तेव्हा दूरदूरच्या खेड्यांतून माणसे भाकरी फडक्यात बांधून, खांद्यावर टाकून चालत आली होती. परिषदेसाठी लागणारे पाणी ४० रुपये मोजून विकत घ्यावे लागले होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्या परिषदेत जे सांगितले, त्यात मेलेल्या जनावराचे मांस सोडा आणि उष्टे-शिळे मागून आणणे सोडा, हेही होते. दुसऱ्या दिवशी सर्वजण तळ्यावर गेले, पाणी प्याले आणि मंडपात परतले. परतीच्या वाटेला लागण्यापूर्वी माणसे जेवत असतानाच, हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार, अशी आवई उठली आणि जमाव मंडपावर चालून आला. माणसांना मार बसला. शिजलेले अन्न मातीत मिसळले गेले. नंतर १०८ घागरी पंचगव्य ओतून तळे शुद्ध करण्यात आले. डिसेंबरात पुन्हा परिषद भरली, तेव्हा मंडपासाठी जागा मिळेना. ती एका मुसलमान गृहस्थांनी दिली. तळ्याचा न्यायालयीन निकाल मिळायला १९३७ साल उजाडावे लागले.

शाळेत हा इतिहास आम्ही सनावळीसह पाठ केला होता. घरी तो वेगळ्या रीतीने सांगितला जाई. आमच्यातील एकाची आजी म्हणे, “त्या सालापासून आपल्या घरात मागितलेली भाकर आली नाही.” पुढचे तिचे वर्णन चुलीचे असे. दोन दिवस चूल पेटली नाही, तिसऱ्या दिवशी शेरभर नाचणी उसनी आणून दळली आणि आपल्या तव्यावर आपली भाकर पडली. बरोबर काय होते, असे विचारले तर म्हणे, मीठ. त्या मीठभाकरीची चव ती ऐंशीव्या वर्षीही सांगत असे. तेव्हा आम्हांला कळू लागले की, घरच्या जेवणात जी ऊब असते, ती केवळ मसाल्याची नसते. वाढणारा हात आधी “तू कोण?” असे विचारीत नाही, ती त्या निश्चिंतपणाची ऊब असते.

हा प्रश्न इतिहासजमा झाला, असेही म्हणवत नाही. नोकरीनिमित्त आमच्यातील तिघे मुंबईस गेले. भाड्याची खोली पाहताना त्यांना आडनावाच्या आधी “तुम्ही खाता काय?” हा प्रश्न आला. एका इमारतीत सुकटीच्या वासावरून बोलणी झाली आणि महिन्याभरात खोली सोडावी लागली. काय खाता, या प्रश्नामागे कोण आहात, हा प्रश्न दडलेला असतो, हे आम्हां महाडकरांना वेगळे शिकवावे लागत नाही.

म्हणूनच आमच्या वसतिगृहात चालू असलेल्या एका साध्या प्रथेची नोंद या स्मरणिकेत व्हावी, असे आम्हांला मनापासून वाटते. प्रत्येक महिन्याच्या शेवटच्या रविवारी कोणा एका मुलाच्या घरचा पदार्थ सर्वांसाठी केला जाई. शक्य असेल तर त्याची आई, आजी किंवा बहीण येई. स्वयंपाकाच्या मावशी तिच्या हाताखाली काम करीत. प्रथा कोणी सुरू केली, हे विचारले की अधीक्षक गुरुजी आळवीच्या शेतकऱ्याची कथा सांगत. भगवान बुद्ध आळवी नगरीत उपदेशासाठी आले. एका गरीब शेतकऱ्याचा बैल त्याच दिवशी हरवला होता. बैल शोधून तो दुपारी धापा टाकीत, उपाशीपोटी सभेत पोहोचला. भगवंतांनी उपदेश थांबवून धरला, उरलेले अन्न त्याला वाढायला सांगितले आणि त्याचे जेवण झाल्यावरच बोलायला आरंभ केला. गुरुजी म्हणत, “शाळेनेही आधी पोराची भूक कसली आहे ते पाहावं, मग फळा पुसावा.”

आमच्या खोलीत एक कातकरी मुलगा होता. ज्यांच्या पूर्वजांनी खैराचा कात काढण्याचे काम केले आणि ज्यांना नावही त्यावरूनच मिळाले, त्या समाजातला. त्याच्या गावातून शाळेत आलेला तो पहिलाच. रात्री अकरा चुली पेटत, असे आम्ही वर लिहिले. त्यात त्याची चूल पेटत नसे. विचारले की तो म्हणे, “आमच्याकडं सांगण्यासारखं काय नसतंय.” पहिल्या पावसात वलगणीचे मासे चढतात, शेतातले मुठे बाहेर पडतात, त्या दिवसांत मात्र त्याची जीभ मोकळी होई आणि मग ऐकत राहावे. त्याच्या नावाचा रविवार कार्तिकात आला. त्याने गुरुजींना सांगितले की आई येणार नाही. गुरुजी बरे म्हणाले आणि शनिवारी स्वतः सायकलवरून त्याच्या वाडीवर जाऊन आले.

रविवारी सकाळी ती माउली डोक्यावर टोपली घेऊन आली. टोपलीत कडू करांदे होते. हे कंद रानातून खणून आणले की तसेच खाता येत नाहीत. तोंड तर कडू होतेच, माणूस आजारीही पडतो. ते राखेच्या पाण्यात उकडायचे, त्यांच्या पातळ चकत्या करायच्या आणि टोपलीत घालून ओढ्याच्या वाहत्या पाण्यात ठेवायच्या. पाण्याने कडूपणा वाहून नेला की मग त्या मिठाबरोबर खायच्या. एवढे सगळे तिने आधीच केले होते. आता फक्त पुन्हा एक वाफ द्यायची होती. परंतु ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर उभी राहिली. टोपली तिने आत सरकवली आणि स्वतः मागे झाली. कोणी तिला थांबवले नव्हते. उभे कोठे राहायचे, हे तिला आयुष्याने शिकवले होते. मावशी चुलीपुढून उठल्या. “बाय, मला ह्यातलं काय येतंय? तू आत ये, तुझं तू बघ,” असे म्हणून त्यांनी तिचा हात धरला आणि तिला आपल्या पाटावर, चुलीसमोर बसवले.

त्या दिवशी पंगतीत प्रत्येकाच्या ताटात पाच-सहा चकत्या आणि चिमूटभर मीठ पडले. चव सांगायची तर बटाट्याच्या जवळची, घशात मागून किंचित कडू उरणारी. सगळ्यांना आवडली, असे लिहिले तर ते खोटे होईल. गुरुजींनी दुसऱ्यांदा मागितली, त्यांच्यामागून आम्ही मागितली. तिचा मुलगा वाढत होता. त्याने त्या दिवशी प्रत्येकाला सांगितले, हा कंद कोठे सापडतो, वेल कसा ओळखायचा, कोणत्या पानाचा घ्यायचा नाही. एवढे सलग बोलताना आम्ही त्याला त्यापूर्वी पाहिले नव्हते. त्या रात्री खोलीत अकरावी चूलही पेटली.

आता थोडे अलीकडचे. २२ जुलै २०२१ च्या पावसाने सावित्री-गांधारीचे पाणी महाड शहरात घुसले, हे सर्वांना ज्ञात आहे. त्याच दिवशी तळियेवर डोंगर कोसळला. पोलादपूर तालुक्यात साखर-सुतारवाडी आणि केवनाळे येथेही दरड आली. जी माणसे गेली, त्यांच्यापुढे इतर कोणत्याही हानीचा उल्लेख करू नये. परंतु पाणी ओसरल्यावर आम्ही मदतीस गेलो, तेव्हा वाचलेल्या घरांत जे दिसले, ते येथील विषयाशी जोडलेले आहे. वर्षाची सगळी बेगमी चिखलात होती. तांदळाच्या कणग्या, कुळथाची पिठी, मडक्यातली सुकट, उन्हाळ्यात कुटलेला मसाला, आमसुले. पैशात मोजले तर ती रक्कम मोठी नव्हती; पण वैशाखभर दोन हातांनी केलेले ते काम पुढच्या वैशाखापर्यंत परत होणारे नव्हते. मदत उदंड आली. बिस्किटे आली, तयार जेवणाची पाकिटे आली. देणाऱ्यांचे उपकार विसरता येणार नाहीत. चौथ्या दिवशी एका आजींनी आम्हांला विचारले, “पोरांनो, कोणी पेज करून देईल का रे?”

पेज म्हणजे काय, हे कोकणातल्या वाचकांना सांगायला नको. तांदूळ, पाणी, मीठ. असलीच तर लोणच्याची फोड. आमच्या वसतिगृहात ताप आलेल्या मुलाला मावशी तीच देत. कोणी तिला पेज म्हणे, कोणी तांदळाच्या कण्या घालून कण्हेरी करी, कोणाकडे आटवल होई. आमच्या अकरा घरांत भाकरी वेगळी, कालवण वेगळे, सणाचे गोड वेगळे. पण आजारपणाचे अन्न जवळजवळ एकच होते. आम्ही तेथेच तीन दगड मांडले, मोठे पातेले चढवले आणि पेज केली. रांगेत कोण कोणाच्या मागे उभे आहे, हे त्या दिवशी महाडात कोणी पाहिले नाही.

आता हे सारे लिहून ठेवण्याची निकड का, ते सांगून थांबतो. १९७० मध्ये कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ निघाले आणि मराठी मध्यमवर्गीय घरांना घरची चव कागदावर उतरवता आली. मराठवाड्यातील महार-मांग समाजांच्या खाद्यसंस्कृतीवर शाहू पाटोळे यांचे ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ हे पुस्तक यायला २०१५ साल उजाडले. दोन पुस्तकांमधली ही ४५ वर्षे पुरेशी बोलकी आहेत. आपल्या महाड-पोलादपूरच्या डोंगरातील वाड्यांचे असे पुस्तक आमच्या पाहण्यात नाही. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्यांचे वर्ष म्हणून साजरे केले, तेव्हापासून नाचणीची बिस्किटे शहरातल्या दुकानांत काचेमागे दिसू लागली आहेत. आनंद आहे. पण उतारावर नाचणी लावणारे हात मुंबई-सुरतेला गेले आणि ती थापणारे हात थकले.

हा लेख लिहिताना आम्ही अकरा जणांनी हिशेब केला. शेवटच्या रविवारी ज्या अकरा घरांचे पदार्थ आम्ही खाल्ले, त्यांपैकी चार आज त्या त्या घरांत कोणालाच करता येत नाहीत. करांद्यांचे घर त्या चारांत आहे. आमचा तो मित्र आता बिरवाडीस राहतो; वेल कोठे उगवतो, हे तो डोळे मिटून सांगेल. परंतु चकत्या वाहत्या पाण्यात एक रात्र ठेवायच्या की दोन, राख किती घालायची, कडूपणा गेला हे कसे ओळखायचे, हे आईबरोबर गेले. बाकी पदार्थ अंदाजाने जमवता येतात. येथे अंदाज चुकला तर माणूस आजारी पडतो. त्याची एक थोरली बहीण पोलादपूरकडे आहे आणि तिला ते येते, असे कळले आहे. येत्या कार्तिकात तिला विद्यालयाच्या स्वयंपाकघरात घेऊन येण्याचे आम्ही ठरवले आहे. विद्यालयानेही त्यासाठी आनंदाने होकार दिला आहे.

आज वसतिगृहात राहणाऱ्या मुलामुलींना आमचे एवढेच सांगणे आहे. दिवाळीच्या सुट्टीत घरी जाल, तेव्हा आजीपाशी बसा. आपल्याकडे काय करतात, ते तिला विचारा आणि ती सांगेल तसेच वहीत उतरवा. मूठभर म्हणाली तर मूठभर लिहा. पण तिच्या मुठीत किती मावते, तेही मोजून ठेवा. तुमच्या घरी सांगण्यासारखे काही नाही, असे जर कोणाला वाटत असेल, तर त्याने वही सर्वांत आधी उघडावी. शेवटचा रविवार अजून पाळला जातो, असे आम्ही ऐकतो. त्या दिवशी उंबऱ्याबाहेर कोणाची आई उभी दिसली, तर तिला आत घ्यायला चुलीपुढून उठणारे कोणीतरी तेथे असावे, ही आमची इच्छा आहे.